मेस्त्रीकाका, तुमची काचेची बाटली माझ्याकडेच राहिली

ती. मेस्त्रीकाका यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही हे मला माहीत आहे. नातू वाचून दाखवील. त्याने वाचताना मध्ये मध्ये हसू नये, एवढंच त्याला सांगा. मी चारचौघांत लिहितेय, कारण माझ्यासारख्या ग्रासकटरची दोरी ओढून ओढून खांदा दुखवून घेतलेल्या बायाबापड्या कोकणात पुष्कळ आहेत.

गेल्या वर्षीचा दसरा आठवतो? पाऊस गेला, ऊन तापलं आणि आमच्या बागेत गवत कमरेपर्यंत आलं. बाबांचे गुडघे गेल्यापासून आंब्याची ती दीडशे कलमं माझ्या अंगावर आहेत. बेणणी (बागेतलं गवत काढायचं काम) दिवाळीच्या आत उरकली नाही तर पुढे काय होतं ते राजापूर तालुक्यात कुणाला सांगायला नको. तेच गवत माघात वाळतं, कुठून तरी एक ठिणगी येते आणि वणवा शेजाऱ्याच्या बागेतून आपल्या बागेत शिरतो. चार वर्षांपूर्वी आमची अकरा कलमं अशीच होरपळली. त्यामुळे ग्रासकटर बंद पडला की माझ्या पोटात गोळा येतो, तो नुसता खर्चाचा नसतो.

आणि तो पडलाच बंद. चोक लावला, म्हणजे इंजिनाची हवा कमी केली, की धडधडायचा, चोक उघडला की मरायचा. गडी सकाळपासून कलमाखाली बसून होता, त्याची हजेरी चालूच. बाजारातल्या एका दुकानात नेला, तर त्यांनी तो उघडलासुद्धा नाही. ‘कार्बोरेटर गेला, नवीन टाका. नाहीतर मशीनच बदला, जुनं झालंय.’ नवीन कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, त्यांच्याकडे नव्हता, आठ दिवसांनी येणार होता. मी मशीन उचललं आणि कुणीतरी सांगितलं म्हणून तुमच्याकडे आले.

तुम्ही मशीनकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी मला विचारलंत, ‘बाय, पेट्रोल कधीचं?’

मी सांगितलं, जुलैतलं. कल्टार (मोहोरासाठीचं औषध) घालायच्या आधी कलमांच्या बुंध्याभोवतीची आळी साफ केली होती, त्यातलं उरलेलं. टाकीत अर्धं होतं, बाकीचं कॅनमध्ये. कॅनच्या झाकणाचा वायसर हरवलेला, म्हणून मी प्लास्टिकची पिशवी कोंबून झाकण लावलं होतं आणि कॅन ठेवला होता पडवीत, जिथे अख्खा पावसाळा झड येते. हे सांगताना मला त्यात काही चुकलंय असं वाटतही नव्हतं. पेट्रोल म्हणजे पेट्रोल.

तुम्ही टाकीतलं सगळं एका काचेच्या बाटलीत ओतलंत, ती उन्हाला धरलीत आणि म्हणालात, ‘बघ.’ वर टू-टी ऑइलचा, म्हणजे पेट्रोलात मिसळायच्या वंगणतेलाचा, रंग घेतलेलं पेट्रोल आणि खाली दोन बोटं बिनरंगी, गढूळसं काहीतरी. मी म्हटलं, पाणी. तुम्ही म्हणालात, नुसतं पाणी नाही, पाणी आणि त्याने ओढून घेतलेलं इथेनॉल.

मग तो प्रयोग केलात, जो मी त्यानंतर निदान दहा जणांना करून दाखवला असेल. पंपावरचं ताजं पेट्रोल शंभर मिली, त्यात वीस मिली पाणी, झाकण लावून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. पाणी वीसच घातलं होतं, पण तळाचा थर चाळीसच्या आसपास गेला. पेट्रोलमधलं इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याच्या गळ्यात पडलं. जानेवारी २००३ पासून आपल्याकडे पाच टक्के इथेनॉल घालायला सुरुवात झाली, जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा गाठला, फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-२०, म्हणजे वीस टक्क्यांचं पेट्रोल, विकायला आलं, आणि २०३० चं उद्दिष्ट अलीकडे ओढून २०२५ मध्ये वीस टक्के गाठलंसुद्धा. हे सगळं मी पेपरात वाचलं होतं. घाटावरचा ऊस (आता मका आणि तांदूळही) इथेनॉल होऊन आमच्या ग्रासकटरात येतो आणि कोकणातल्या हवेतली ओल पितो, हे मात्र तुमच्या बाटलीत दिसलं.

थोडंसं पाणी हे पेट्रोल पोटात ठेवतं. पण मर्यादा ओलांडली की थर वेगळा होतो आणि जड म्हणून तळाला जातो. टाकीतला फिल्टरही मुद्दाम जड केलेला असतो, म्हणजे मशीन कसंही कललं तरी नळीचं तोंड तळाशी राहावं. ‘मग इंजिन आधी काय प्यायलं?’ असं तुम्ही मला विचारलंत. शाळेत फळ्यापाशी उभं करून विचारावं तसं. ऑइल राहिलं वरच्या पेट्रोलात. इंजिनाला मिळालं पाणी आणि इथेनॉल, वंगणाशिवाय. तुम्ही सायलेन्सर काढून त्या भोकातून पिस्टन दाखवलात तेव्हा त्यावर बारीक उभे ओरखडे होते. ‘अजून दोन दिवस ओढला असतास तर पिस्टन आतच धरून बसला असता,’ म्हणालात. खरं तर त्या दोन दिवसांबद्दलच मी तुमची ऋणी आहे.

सायलेन्सरची जाळी काजळीने बुजली होती तीही निघाली. तो गुन्हा आमच्या गड्याचा. ‘ऑइल झाकणभर जास्त टाकलं की इंजिन टिकतं’ हे त्याचं ब्रह्मवाक्य, आणि मी ते मानत होते. माझ्या मशीनला पंचवीसास एक, म्हणजे लिटरला ४० मिली. जास्त ऑइल घातलं तर तेवढं पेट्रोल जेटच्या बारीक भोकातून कमी जातं, मिश्रण उलट कोरडं होतं आणि काजळी धरते ती वेगळीच. हे मी गड्याला सांगितलं. त्याला पटलेलं नाही. आता मापाची बाटली माझ्याकडे असते.

तुम्ही स्वस्तापासून महागाकडे गेलात, हे मला नंतर लक्षात आलं. पेट्रोल, मग टाकीच्या झाकणाचा श्वास (हवेचं भोक), मग फिल्टर, मग नळी. नळी टाकीत शिरते तिथेच कडक होऊन चिरली होती आणि पेट्रोलऐवजी हवा ओढत होती. चोक लावल्यावर चालायचं आणि काढल्यावर मरायचं त्याचं अर्धं कारण तिथे होतं. कार्बोरेटर तुम्ही सर्वांत शेवटी उघडलात, आणि पाना माझ्या हातात दिलात.

चार स्क्रू. आत तो डायफ्राम, म्हणजे पातळ पडदा, जो मऊ असायला हवा तो शिळ्या पापडासारखा. बोटाने दाबला तर टक्‌ वाजला. मोटरसायकलीच्या कार्बोरेटरात तरंगणारा फ्लोट असतो. यात तो नाही, म्हणून तर आमच्या उतारावर मशीन आडवंतिडवं धरूनही चालतं. इंजिनाच्या पोटातल्या दाबाच्या ठोक्यांवर एक डायफ्राम पेट्रोल ओढतो, दुसरा आपल्या पोटाने एक इवलासा लिव्हर दाबून सुई उघडतो. तोच कडक झाला तर सुई पुरती उघडणार कशी? आतली जाळी डिंकासारख्या थराने भरली होती. ती स्प्रेने धुवायची, पण डायफ्रामवर स्प्रे मारायचा नाही आणि जेटमध्ये तार घालायची नाही. ही तंबी तुम्ही मला तीनदा दिलीत. एक बाजू बसवताना आधी गॅस्केट (सांध्यातली पातळ पट्टी) मग डायफ्राम, दुसऱ्या बाजूला आधी डायफ्राम मग गॅस्केट. मी मोबाइलवर फोटो काढून ठेवला, तरी या जूनमध्ये घरी करताना उलटंच बसवलं. मशीन ढिम्म. अर्धा दिवस गेला. तुम्हाला फोन करायची लाज वाटली म्हणून केला नाही, आता सांगतेय.

शेवटी तुम्ही मशीन पूर्ण रेसवर नेलंत आणि कान लावलात. मला तो आवाज छान वाटत होता, लख्ख, उंच. तुम्ही म्हणालात, ‘किंचाळतोय म्हणजे तहानलाय.’ इथेनॉल स्वतःच ऑक्सिजन घेऊन येतं, म्हणून तेवढ्याच हवेला पेट्रोल थोडं जास्त लागतं. पेट्रोलचा स्क्रू किंचित उघडलात, तसा मोकळ्या रेसला आवाज जरा जाडसर, फडफडता झाला, आणि गवतात घातल्यावर स्वच्छ. तो फरक ओळखायला मला अजूनही दोनदा ऐकावं लागतं.

बिल झालं डायफ्राम-गॅस्केटचं किट, नळी आणि फिल्टरचं. नव्या कार्बोरेटरच्या पाव किमतीचंही नव्हतं. मजुरी विचारली तर म्हणालात, ‘काम तूच केलंस.’ हा हिशेब मला पटलेला नाही, पण त्यावर भांडायला मी समोर यायला हवी.

गेल्या वर्षी आमची बेणणी दिवाळीच्या चार दिवस आधी संपली. जाळरेषाही (वणवा अडवायला गवत काढलेला पट्टा) काढून झाली. यंदा मी जुलैचं काम झाल्यावर टाकी रिकामी केली, पेट्रोल ओढायचा रबरी बल्ब दाबून नळीतलं काढलं, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं आणि कोरडंच माळ्यावर ठेवलं. मिश्रण आता लिटरभरच करते, महिन्याच्या आत संपेल एवढं. कॅनला नवा वायसर आणलाय. परवा पहिल्यांदा दोरी ओढली, चौथ्या ओढीला सुरू झालं. पहिल्या तीन ओढी मी चोक लावायला विसरले होते.

तुमची काचेची बाटली मात्र माझ्याकडेच राहिली. ती अख्ख्या वाडीत फिरलीय, पण धुऊन ठेवलीय. बाजाराच्या दिवशी घेऊन येते. तेव्हा दोन किट काढून ठेवा, एक माझ्यासाठी आणि एक बांधापलीकडच्या काकूंसाठी. त्यांचाही ग्रासकटर चोक उघडला की मरतो, आणि पेट्रोल कधीचं असं मी विचारल्यावर त्या गप्प झाल्या.

तुमची,
ग्रासकटरवाली बाय