टाकीत माणूस कोसळला तर

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

सोमवारपासून तू लोट्याच्या केमिकल प्लँटवर शिफ्टला उभी राहणार. रिॲक्टर, पंप, लाइनी हे तुला तिथली माणसं नीट शिकवतील. अपघाताच्या पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं, हा विषय मात्र बहुतेक ठिकाणी एका दुपारच्या स्लाइडांवर उरकतात. म्हणून हे पत्र. सगळे प्रकार यात मावणार नाहीत. ज्यात एकाच्या जागी तिघे जातात, त्या प्रकाराबद्दल सविस्तर लिहितो.

ईटीपीची, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटची, कलेक्शन टाकी, सम्प (सांडपाण्याचा खड्डा), ड्रेनेजचं चेंबर, धुवायला उघडलेला रिॲक्टर. आत उतरलेला हेल्पर खाली बसतो आणि आडवा होतो. काठावरच्या जोडीदाराला वाटतं चक्कर आली, तो पटकन शिडीवरून उतरतो आणि तोही पडतो. मग तिसरा. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षेच्या संशोधन संस्थेने १९८६ साली दिलेल्या इशाऱ्यात म्हटलं होतं, की बंदिस्त जागांतल्या मृत्यूंपैकी ६० टक्क्यांहून अधिक मृत्यू वाचवायला गेलेल्यांचे असतात. आपल्याकडच्या गटारांच्या आणि टाक्यांच्या बातम्या वाचल्यास तर तेच चित्र दिसेल. जाणारी माणसं धट्टीकट्टी असतात, जीवाला जीव देणारी असतात, आणि नेमकी म्हणूनच जातात.

आत काय असतं ते समजून घे. गाळात सल्फेट असलं आणि हवा नसली, की जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. हा वायू हवेपेक्षा थोडा जड असल्याने तळाशी साचतो. सडक्या अंड्याचा वास १ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) आतच येतो, पण १०० पीपीएमच्या आसपास काही मिनिटांत नाक बधिर होतं. म्हणजे वास थांबला तर गॅस गेला असं कधीच धरायचं नाही. ७०० ते १००० पीपीएमला माणूस काही श्वासांत कोसळतो. आणखी एक गोष्ट फार जण विसरतात: उतरण्याआधीचं रीडिंग चांगलं आलं तरी गाळात फावडं घातलं, की अडकलेला वायू बुडबुड्यांनी एकदम सुटतो. सल्फाइडच्या पाण्यात वरच्या लाइनीतून ॲसिड आलं तरी तेच. म्हणून गॅस मोजणारा डिटेक्टर सकाळी एकदा लावून भागत नाही. आत जाणाऱ्याच्या छातीवर तो काम संपेपर्यंत चालू पाहिजे आणि टाकीत येणारी प्रत्येक लाइन ब्लाइंड (लाइन बंद करणारी लोखंडी चकती) मारून तोडलेली पाहिजे. नुसता व्हॉल्व्ह बंद केलेला चालत नाही, व्हॉल्व्ह गळतात.

रीडिंग तू स्वतः घे. आधी मोकळ्या हवेत डिटेक्टर चालू करून ऑक्सिजन २०.९ दाखवतो का पाहा, टेस्ट गॅस देऊन अलार्म वाजतो का तेही पाहा. मग नळी मॅनहोलमधून दर चार फुटांवर थांबवत तळापर्यंत सोड. नळीतून हवा वर यायला आणि सेन्सर स्थिरावायला वेळ लागतो, प्रत्येक थराला दोन मिनिटं दे. टोक गाळाच्या पाण्यात बुडू देऊ नकोस, पंप पाणी ओढतो आणि यंत्र गप्प बसतं. आधी ऑक्सिजन वाच, मग ज्वालाग्राही, मग विषारी. कारण ऑक्सिजन कमी असेल तर ज्वालाग्राही वायूचा नेहमीचा सेन्सर खोटं कमी दाखवतो. ऑक्सिजन १९.५ च्या खाली, ज्वालाग्राही वायू पेट घेण्याच्या किमान पातळीच्या (एलईएल) १० टक्क्यांवर किंवा हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमवर गेलं, तर कोणीही आत नाही. नायट्रोजन मारलेल्या रिॲक्टरला तर वासही नसतो आणि घुसमटही जाणवत नाही.

आता माणूस पडला असं धर. तुझं पहिलं काम म्हणजे दुसऱ्याला आत जाऊ न देणं. वीस वर्षं अनुभव असलेला फिटर शिडीकडे धावेल. तू नवी आहेस, वयाने लहान आहेस, तरी त्याचा दंड धरून मोठ्याने सांग, "काका, थांबा! आत गॅस आहे. ब्लोअर चालू करा!" हाताला काम दिलं की माणूस थांबतो. मग वॉकीटॉकीवर एका दमात: "ईटीपी कलेक्शन टाकी. एक माणूस आत बेशुद्ध. गॅस आहे असं समजा. ब्रीदिंग सेट दोन, ॲम्ब्युलन्स. वारा पश्चिमेचा, पश्चिमेकडूनच या." ठिकाण आधी सांगायचं, बाकी तुटलं तरी चालेल. ब्लोअरची डक्ट तळाजवळ सोड आणि ब्लोअरचं हवा ओढणारं तोंड डिझेल जनरेटरच्या धुरापासून लांब ठेव. टाकी "ताजी" करायला ऑक्सिजनचा सिलिंडर कधीही सोडू देऊ नकोस, त्याने कपडेसुद्धा भडकतात.

हृदय थांबलं तर चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते, म्हणून बाहेर उभं राहणं कुणालाच सोसत नाही. पण बाहेरची मदत इतक्या वेळात येत नाही, आणि ब्रीदिंग सेट, म्हणजे पाठीवरचा हवेचा सिलिंडर आणि मास्क, चढवून आत जाणाऱ्यालाही वेळ लागतोच. त्यामुळे सुटका परमिटवर, म्हणजे आत उतरण्याच्या लेखी परवान्यावर, सही होण्याआधीच ठरलेली असते. मॅनहोलवर ट्रायपॉड उभा आहे, उतरणाऱ्याच्या अंगात फुल बॉडी हार्नेस आहे, पाठीवरच्या डी-रिंगला विंचची दोरी आत असेपर्यंत लावलेली आहे, आणि मॅनहोलवर लक्ष ठेवणाऱ्या बाहेरच्या माणसाला, होल वॉचला, दुसरं कुठलंही काम नाही, एवढं जमलं असेल तर कोणीही आत न जाता माणूस एक-दोन मिनिटांत वर येतो. यातलं एक जरी नसलं तरी सही करू नकोस. चहा आणायला, पाना आणायला होल वॉचला पिटाळतात, तेही चालू देऊ नकोस. आत ॲजिटेटर (ढवळणारी पाती) किंवा बॅफल (भिंतीला लावलेले पत्रे) असतील तर दोरी अडकते. तिथे ब्रीदिंग सेट घातलेली जोडी बाहेर तयार उभी हवी.

त्या सेटचा हिशेब तोंडपाठ ठेव. ६ लिटरचा सिलिंडर ३०० बारला भरलेला असेल तर १८०० लिटर हवा. धावपळीत मिनिटाला ४० ते ५० लिटर लागते, म्हणजे कागदावर ३६ ते ४५ मिनिटं. ५५ बारच्या सुमारास शिट्टी वाजते. ती परत फिरण्याची वेळ नव्हे, तोपर्यंत बाहेर आलेलं असायला हवं. भिंतीवरच्या सेटचा काटा २०० वर असेल तर तिसरा हिस्सा हवा आधीच गेलेली आहे. व्हॉल्व्ह उघडून परत बंद कर आणि मिनिटभर काटा पाहा. १० बारपेक्षा जास्त उतरला तर गळती आहे. दाढी वाढवलेल्याच्या चेहऱ्यावर मास्क बसत नाही. आणि पाठीवर सिलिंडर घेऊन माणूस अरुंद मॅनहोलमधून जात नाही, हे सरावातच पाहून ठेवा. तिथे बाहेरून नळीने हवा मिळणारा एअरलाइन मास्क आणि कमरेला छोटा एस्केप सिलिंडर लागतो.

माणूस वर आला की वाऱ्याच्या वरच्या बाजूला न्या. श्वास नसेल तर छातीवर दाब द्या, मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सेंटीमीटर खोल. तोंडाने श्वास देऊ नका, बॅग-मास्क वापरा. गाळाने भिजलेले कपडे काढा. १०८ ला फोन करणाऱ्याने वायूचं नाव सांगायचं, सोबत जाणाऱ्याच्या हातात सेफ्टी डेटा शीट द्यायची. "बरं वाटतंय" म्हणणाऱ्या दुसऱ्या माणसालाही पाठवायचं. नायट्रिक ॲसिडच्या तपकिरी धुरात तर फुफ्फुसात पाणी काही तासांनंतर भरतं, तोवर तो घरी जाऊन जेवलेला असतो.

बाकीचं थोडक्यात. डोळ्यात ॲसिड किंवा कॉस्टिक गेलं तर पापण्या उघड्या धरून निदान १५ मिनिटं पाणी, आणि ते लगेच. भाजल्यावर २० मिनिटं वाहतं गार पाणी. टूथपेस्ट, हळद काही नाही. शॉक लागलेल्याला हात लावण्याआधी सप्लाय तोडायचा. अमोनियाच्या ढगावर पाण्याचा पडदा धरायचा, पण साचलेल्या द्रव अमोनियावर पाणी मारायचं नाही, उकळी येऊन ढग वाढतो.

सायरन झाल्यावर मस्टर पॉइंटला, म्हणजे सगळ्यांनी जमायच्या ठरलेल्या जागी, हजेरी घेतात. तिथे ठेकेदाराची माणसं हमखास निसटतात, कारण त्यांची नावं कंपनीच्या रजिस्टरात नसून गेटवरच्या वहीत असतात. ती वही घेऊन सिक्युरिटीने पॉइंटवर आलं पाहिजे. एक जरी माणूस जमेना तर आत कोण कुठे होतं हे परमिटच्या प्रतींवरून काढायचं, अंदाजाने कोणाला शोधायला पाठवायचं नाही. आणि पहिल्या मिनिटापासून एकाच्या हातात कागद-पेन दे: वेळ, रीडिंग, कोण आत, कोण बाहेर. नंतर कोणी जागा धुवायला निघालं तर थांबव. डिटेक्टरमधली नोंद, परमिट, व्हॉल्व्हची स्थिती आहे तशी राहू दे, नाहीतर कारण कळत नाही आणि दोष मेलेल्या माणसाच्या माथी मारला जातो.

धोकादायक रसायनांच्या १९८९ च्या नियमांनुसार मोठ्या साठ्याच्या कारखान्यांना आपत्कालीन आराखड्याची रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी घ्यावी लागते. तुमच्याकडची शेवटची कधी झाली ते विचार, आणि ती रात्रपाळीत झाली होती का तेही विचार. पहिल्या आठवड्यात ईटीपीवरचे सेट कुठल्या कपाटात आहेत, किल्ली कोणाकडे असते आणि काटे किती दाखवतात, हे स्वतः जाऊन पाहा. रविवारी फोनवर मला आकडे सांग.

तुझे,
बाबा