मंत्रीमहोदय, शाल मिळाली, अनुदानाचं काय?

मा. मंत्रीमहोदय यांस,
सविनय नमस्कार.

आपण कोल्हापुरात आलात तेव्हा भर स्टेजवरून शब्द दिलात की मराठी निर्मात्यांचं रखडलेलं अनुदान दिवाळीच्या आत खात्यावर जमा होईल. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. त्याच कार्यक्रमात ज्येष्ठ निर्माता म्हणून आपल्या हस्ते मला शाल-श्रीफळ मिळालं, त्याबद्दल आभारी आहे. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं आणि परवा पोस्टानं पत्र आलं : प्रस्तावात त्रुटी आढळली आहे, सबब पूर्तता होईपर्यंत प्रकरण पुढील कार्यवाहीस पात्र नाही.

त्रुटी काय, तर ज्या थिएटरांत चित्रपट चालला त्यातल्या एकाच्या दाखल्यावरचा शिक्का अस्पष्ट आहे. नवा दाखला आणा. आता हे थिएटर तालुक्याच्या गावातलं, एकपडदा. ते कधीच पाडलं. तिथं आज मंगल कार्यालय आहे. मालक थकले, पुण्याला मुलाकडे असतात, शिक्का कुठल्या रद्दीत गेला ते त्यांनाही ठाऊक नाही. मग मी शिक्का कुणाचा आणू? मंगल कार्यालयाच्या मॅनेजरचा? तो देईलही बिचारा, पण त्यावर 'शुभविवाह' असं छापलेलं असेल.

त्या थिएटरचा डीसीआर, म्हणजे रोजच्या गल्ल्याचा तक्ता, फाइलला जोडलेला आहे. त्या तिकिटांवरचा जीएसटी सरकारनं घेतला तेव्हा कुणाला शिक्का बघावासा वाटला नाही.

मी कोण, हे तुमच्या स्वीय सहायकाला तरी कळावं म्हणून सांगतो. शिवाजी पेठेतला माणूस. 1980 च्या दशकाच्या अखेरीस प्रॉडक्शनमध्ये पोऱ्या म्हणून लागलो. पहाटे चारला जमाव गोळा करायचा, आसपासच्या गावांतून ट्रक भरून माणसं आणायची, कुणाला फेटा, कुणाला मिशी, बैलगाड्या वेगळ्या. पुढं प्रॉडक्शन मॅनेजर झालो. मुंबईची युनिटं इथं आली की रंकाळ्यावरच्या परवानगीपासून हिरोच्या तांबड्या-पांढऱ्यापर्यंत सगळं माझ्याकडं. मग स्वतःचा पैसा घालून निर्माता झालो. पहिल्या चित्रपटानं पैसा दिला, कारण तेव्हा जत्रेतले तंबू होते आणि तंबूत मराठी चित्रपट चालायचा.

नंतर मालिका केली. दैनंदिन मालिका म्हणजे काय, ते उद्घाटनाला येणाऱ्यांना माहीत नसतं. चॅनेल एपिसोडमागं ठरलेला दर देतं, पण पैसे हातात पडतात नव्वद दिवसांनी. महिन्याला सव्वीस एपिसोड. तीन महिन्यांचे कलाकार, तंत्रज्ञ, जनरेटर, जेवण, सेटचं भाडं, सगळं निर्मात्यानं आधी घालायचं, बहुतेक वेळा व्याजानं काढून. त्यात टीआरपी घसरला की 'ट्रॅक गुंडाळा', म्हणजे कथानक आवरा, असा मेल येतो. सेटचं कर्ज फिटायच्या आत सेट मोडायचा. आणि मालिकेची मालकी कुणाची? चॅनेलची. पुनःप्रक्षेपण त्यांचं, डबिंग त्यांचं, दुसऱ्या भाषेतला रिमेकही त्यांचाच. आपल्याला शेवटी नामावलीत एक ओळ, तीही हल्ली वाचता येऊ नये अशा वेगानं पळते. हे तुमच्या खात्यात येत नाही, हे कळतं मला. पण सरकार इतक्या गोष्टींत लक्ष घालतं, एखाद्या कराराच्या मसुद्यातही घालून बघा.

मालिकेत जे बुडालं ते भरून काढायला परत चित्रपट काढला. सव्वा कोट गेले. घर बँकेकडं तारण आहे, बायकोच्या पाटल्या त्याआधीच गेल्या. चित्रपटाला तुमच्याच समितीनं 'ब' दर्जा दिला. 'अ'ला 40 लाख अनुदान, 'ब'ला 30. मी तक्रार केली नाही, तीसात समाधान मानलं. त्या तीस लाखांवर साधं बारा टक्क्यांनी व्याज धरलं तरी महिन्याला तीस हजार होतात. तुमचा कारकून फाइल टेबलाच्या या कडेवरून त्या कडेला सरकवेपर्यंत माझे तीस हजार गेलेले असतात. लाइटवाल्याचे पैसे अजून द्यायचेत. महाद्वार रोडला तो लांबून दिसला की मी गल्लीत वळतो. असे निर्माते राज्यात शंभर तरी असतील. कमी असतील तर यादी लावा, मी जाहीर माफी मागतो.

आणि चित्रपट चालत का नाही, हे आम्हालाच विचारता. जीएसटी येण्याआधी मराठी चित्रपट राज्यात करमणूक करातून मुक्त होता. 1 जुलै 2017 पासून ते संपलं. आज दीडशे रुपयांच्या तिकिटातले जवळपास तेवीस रुपये करात जातात, त्यातला निम्मा वाटा राज्याचा. उरलेल्यातला निम्मा थिएटरचा, मग वितरकाचं कमिशन, व्हीपीएफ, म्हणजे डिजिटल प्रक्षेपणाची फी, वेगळी. मराठीचं इतकं प्रेम असेल तर तुमचा वाटा तरी परत द्या! 2015 साली सरकारनंच मल्टिप्लेक्सला सांगितलं होतं की दुपारी 12 ते रात्री 9 या वेळेत मराठीला शो द्या. मला मिळाला सकाळी सव्वानऊचा. सव्वानऊला कोल्हापूरकर मिसळीच्या दुकानात असतो, साहेब.

तुमच्या भाषणात बाबूराव पेंटर आले, त्यांचा 1920 चा मूकपट 'सैरंध्री' आला, टिळकांनी त्यांना दिलेली 'सिनेमा केसरी' पदवी आली. ऐकून बरं वाटलं. पण 1929 ला इथं निघालेली 'प्रभात' फिल्म कंपनी 1933 ला पुण्याला गेली, हे भाषणात नव्हतं. 1948 च्या जाळपोळीत गेलेला जयप्रभा स्टुडिओ भालजी पेंढारकरांनी पुन्हा उभा केला, कर्जात रुतले आणि शेवटी तो विकावा लागला, हेही नव्हतं. त्यांना फाळके पुरस्कार मिळाला, स्टुडिओ हातातून गेला तो गेलाच. 8 ऑगस्ट 2024 ला केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा नेत्यांची रीघ लागली, कोटींचे आकडे जाहीर झाले. शाहू महाराजांनी 1915 साली ते नाट्यगृह बांधताना कुणाकडं त्रुटीपूर्तीचा अर्ज मागितला असेल असं वाटत नाही. इथं काही जळाल्याशिवाय किंवा कुणी मेल्याशिवाय मंत्रालयाला कोल्हापूर दिसत नाही काय? मोरेवाडीच्या माळावर चित्रनगरी आहे, ती वाढवा, जरूर वाढवा. पण तिथं शूटिंग करायला निर्माता जिवंत लागेल ना? चित्रनगरीत शूटिंगची जागा भाड्यानं मिळते, निर्माता मिळत नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा कसला तरी कलामहोत्सव आहे आणि निमंत्रणपत्रिकेत माझं नाव छापलंय असं कळलं. सत्कार नको. शाल एक आहे, ती पुरे. शिक्क्याऐवजी डीसीआर ग्राह्य धरा, तसं दोन ओळींत कार्यालयाला कळवा आणि पैसे सोडा. खाते क्रमांक फाइलमध्ये आहे, रद्द केलेला चेकही सोबत लावलेला आहे.

आपला,
'ब' दर्जाचा एक निर्माता
शिवाजी पेठ, कोल्हापूर