टेन्शनच्या गोळीबद्दल अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या गावी औषध दुकानाच्या काउंटरवर उभा राहणारा फार्मासिस्ट. मालेगावात नशेसाठी विकली जाणारी ‘कुत्ता गोळी’ पकडल्याच्या बातम्या वाचतो. कारवाई हवीच, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण कुत्ता गोळी म्हणजे अल्प्राझोलाम, आणि तेच अल्प्राझोलाम आमच्याकडे रिटायर्ड गुरुजीही मागतात आणि रात्री ट्रक चालवणारा ड्रायव्हरही. हे पत्र त्यांच्यासाठी.

अल्प्राझोलाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम ही सगळी चिंताशामक औषधं. गावात कुणी हिला टेन्शनची गोळी म्हणतं, कुणी झोपेची. मेंदूला शांत करणारं ‘गाबा’ नावाचं रसायन असतं, त्याचा परिणाम या गोळ्या वाढवतात. तासाभरात धडधड थांबते, हात थरथरायचे थांबतात. तिथंच गोम आहे. नेहमीच्या चिंतेसाठी डॉक्टर बहुतेकदा एस्सिटालोप्रामसारखं दुसरं औषध लिहितात. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात, तोवर निभावून न्यायला ही टेन्शनची गोळी थोडे दिवस. पण पेशंट करतो उलटंच. ‘त्या गोळीनं काय फरक पडत नाही, ही बारकी द्या,’ म्हणतो. महिन्याभरात बंद व्हायची ती वर्षानुवर्षं चालू राहते, आणि चालू राहायला हवी होती ती सुटते. त्याला दोष कसा द्यायचा? दोन गोळ्यांतला फरक त्याला समजेल अशा भाषेत कुणी सांगितलेलाच नसतो. ओपीडीत मागं चाळीस जण खोळंबलेले असताना डॉक्टर तरी किती सांगणार!

सांगायचं काम स्ट्रिपवरच्या छापील इशाऱ्यानं करायचं, तर तो इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. त्यात आमची कात्री. चार गोळ्या मागितल्या की स्ट्रिप कापली जाते. लाल चौकटीतला इशारा एका तुकड्यावर राहतो, गिऱ्हाईक दुसरा तुकडा खिशात घालून जातं. त्यावर कधी कधी औषधाचं नावही धड वाचता येत नाही.

१ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम आणि डायझेपाम ‘शेड्यूल एच १’मध्ये, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या जास्त कडक यादीत आहेत. डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या, हे वेगळ्या रजिस्टरात लिहून ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं असतं. काही दुकानांत ते तपासणीच्या तोंडावर एका बैठकीत लिहून निघतं. एकाच पेनानं, एकाच हातानं भरलेली महिन्याभराची पानं तुमच्या निरीक्षकांना दिसत नसतील असं मला वाटत नाही.

आता जरा नाजूक मुद्दा. धरपकड सुरू झाली की आसपासचे दुकानदार घाबरून हा मालच ठेवणं बंद करतात. नशा करणारा दुसरीकडून मिळवतोच. अडकतात आमचे गुरुजी. पाच-सहा वर्षं रोज घेतलेली गोळी एका दिवसात तोडली तर झोप उडते, घाम फुटतो, जीव कासावीस होतो आणि क्वचित फिटही येते. डॉक्टरच्या देखरेखीखाली डोस हळूहळू, आठवडे-महिने घेऊन उतरवावा लागतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२० मध्ये या गटातल्या सगळ्या औषधांवर सवय लागण्याचा आणि अचानक बंद केल्यानं होणाऱ्या त्रासाचा ठळक इशारा छापायला लावला. आपल्याकडे लेबलचे नियम दिल्लीच्या हातात आहेत, मान्य. पण दुकानांचे परवाने तुमचं खातं देतं.

म्हणून मागणी एवढीच: ही गोळी विकताना पाकिटात एक मराठी चिठ्ठी घालणं दुकानांना सक्तीचं करा. दारूबरोबर घेऊ नका, श्वास मंदावून जिवावर बेतू शकतं. घेऊन गाडी चालवू नका. म्हाताऱ्या माणसांनी रात्री उठताना आधार घ्या, तोल जातो. सांगितलेल्या दिवसांपलीकडे मनानं चालू ठेवू नका आणि मनानं एकदम बंदही करू नका. खाली टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, १४४१६. तो फुकट आहे आणि चोवीस तास चालतो. आणि कुठं छापा पडला की त्या भागातल्या सरकारी दवाखान्यालाही कळवा, म्हणजे गोळी तुटलेले जुने पेशंट कुठं जातील हे ठरलेलं असेल.

चिठ्ठीचा कच्चा मसुदा मी लिहून ठेवला आहे. जिल्ह्याच्या सहायक आयुक्तांनी वेळ दिली तर घेऊन येतो. तपासायला एखादे मानसोपचारतज्ज्ञ तेवढे बोलवावेत.

आपला,
एक फार्मासिस्ट