सईचे 97

कोथरूड, पुणे
22 मार्च

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

पाडव्याला फोन मीच ठेवला. सणाच्या दिवशी असं करायला नको होतं, पण पुढे बोलत राहिले असते तर सईसमोर तुला लागेल असं काही तोंडून गेलं असतं. म्हणून लिहायला बसले. पत्र पोचेपर्यंत तुझा राग उतरलेला असेल, माझाही.

तुमचं ईस्टरच्या सुट्टीतलं येणं रद्द झालं, त्याबद्दल हे नाही. तिकिटं तुमची, रजा तुमची. आंब्याच्या दोन पेट्या सांगून ठेवल्या होत्या, त्यातली एक माई घेतील. गाद्यांना ऊन दाखवलं होतं, ते काही वाया जात नाही. मला बोलायचंय ते त्या 104 बद्दल.

सई म्हणाली, “आजी, सराव परीक्षेत मला गणितात 104 मिळाले.” मी शाब्बास म्हणेपर्यंत मागून तुझा आवाज आला, “97 आहेत गं आई, खोटं सांगतेय ती.” मग ती उठून गेली आणि फोनवर नुसती तुमच्या स्वयंपाकघरातली रिकामी खुर्ची दिसत राहिली. तू बोलत होतास, मी त्या खुर्चीकडे बघत होते.

“आई, तुला इथलं काही कळत नाही,” असं तू म्हणालास. खरं आहे. म्हणून सईच्या सॅट्सबद्दल, म्हणजे तुमच्या इंग्लंडात प्राथमिक शाळेच्या शेवटी असते त्या परीक्षेबद्दल, गौरीकडून शाळेचं पत्र मागवून घेतलं आणि अक्षरं मोठी करून दोनदा वाचलं. 11 ते 14 मे, चार दिवसांत सहा पेपर. सोमवारी व्याकरण आणि स्पेलिंग, मंगळवारी तासाभराचं वाचन, बुधवार-गुरुवार मिळून गणिताचे तीन. लेखनाचा पेपरच नाही, ते त्यांच्या बाई वर्षभराचं काम बघून ठरवतात. गुण 80 ते 120 च्या मध्ये बसवतात आणि 100 म्हणजे त्या वयाच्या मुलाला यायला हवं तेवढं येतं. नापास हा शब्द मला कुठे सापडला नाही. शिवाय हायस्कूलची जागा तर तिला मार्चच्या सुरुवातीलाच मिळाली, गौरीचा फोन आला त्या संध्याकाळी मी सारसबागेत जाऊन नारळ वाढवून आले. सॅट्सचा निकाल लागणार जुलैत. म्हणजे शाळा काही या गुणांवर मिळालेली नाही. उलट या आकड्यांवर शाळेचंच नाव ठरतं, सरकार ते शाळावार जाहीर करतं. मग पोरीने 97 चे 104 का करावेत?

तू म्हणशील, पुढच्या शाळेत यावरूनच गणिताचे गट पाडतात. पाडत असतील. पोर खालच्या गटात बसलं तर कायमचं मागे पडेल, ही धास्ती मला नवीन नाही रे. शनिवार पेठेत मी तीच उराशी धरून बसले होते.

1994 साल. तुमच्या वेळी स्कॉलरशिप चौथीला असायची. अप्पा बळवंत चौकातून मी एकेक प्रश्नसंच आणायचे आणि तुला पहाटे पाचला उठवायचे. बाबा म्हणायचे, “अगं झोपू दे त्याला, थंडी आहे.” मी ऐकायचे नाही. भाषा तुला यायची, गणितही बरं होतं. बुद्धिमत्ता चाचणीत मात्र ते आरशातलं घड्याळ तुझं दर वेळी चुकायचं. एकदा मी भिंतीवरचं घड्याळ काढून आरशासमोर धरलं होतं आणि तरी तू चुकलास तेव्हा तुला मारलं होतं. तुला आठवत नसेल. आठवत नसावं असं मला वाटतं.

परीक्षा झाल्यावर बाबा तुला केंद्रावरून परस्पर पर्वतीला घेऊन गेले. तू धावत जिना चढलास आणि दारातूनच ओरडलास, “आई, 103 पायऱ्या आहेत! मी मोजल्या!” मी विचारलं, “गणितात किती सुटले?”

यादीत तुझं नाव आलं. मी आळीत घरोघरी पेढे दिले, आत्याला तार केली. इतकी वर्षं झाली, तू लेस्टरला स्वतःचं घर घेतलंस, तरी कोणी तुझी चौकशी केली की मी चौथीच्या स्कॉलरशिपपासून सुरुवात करते. त्याचा अभिमान मला आजही आहे, खोटं कशाला सांगू.

पण एक गोष्ट तुला कधी बोलले नाही. वाडा बिल्डरला द्यायचा ठरला तेव्हा सामान आवरताना 1993 च्या कालनिर्णयच्या घडीत पाच पेपर सापडले. तुझे, चौथीच्या सराव परीक्षांचे. 38 चे 88 केलेले. 36 चे 86. तीनचा आठ करणं सोपं असतं, पण एकावर तू पेन इतकं दाबलं होतंस की कागद फाटला होता. मग आठवलं, तू मला पेपर लांबून दाखवायचास आणि मी आकडा बघून शाब्बास म्हणून पोळ्या लाटायला वळायचे. एकदाही हातात घेऊन उलगडून बघितला नाही.

बाबांनी ते बघितले आणि काही बोलले नाहीत. मला वाटतं त्यांना आधीपासून माहीत होतं.

तू खोटं बोलणारा मुलगा नव्हतास, मंदार. सईही नाही. आकडा बदलल्याशिवाय आईसमोर जाता येत नाही असं नऊ वर्षांच्या मुलाला वाटलं, ते माझ्यामुळे. पाडव्याला तिने आकडा बदलला तो मला सांगताना, तुला नव्हे. आजीलाही तेच लागतं, हे तिला कोणी सांगितलं?

तिला रात्री जेवणानंतर पेपर सोडवायला बसवू नकोस. अपूर्णांक अडत असतील तर पोळी मोडून दाखव, मला माईंनी तसंच शिकवलं होतं. तिच्यासमोर तिचे गुण दुसऱ्या कोणाला सांगू नकोस. वाचनाच्या पेपरला घाई करते म्हणालास, तर तिला मोठ्याने वाचायला लाव, आणि पहाटे तर अजिबात

बघ, सुरू झाले पुन्हा. पाच वाजता उठवणारी मीच आणि आता तुला शिकवते आहे. राग मानू नकोस. तू तिच्याजवळ बसतोस, तिचं गणित तपासतोस, मी तेवढंही केलं नव्हतं. नोकरी करून हे सगळं करता तुम्ही दोघं, ते मला दिसतं. समोरच्या फ्लॅटमधला मुलगा गेल्या महिन्यात पाचवीच्या स्कॉलरशिपला बसला. हल्ली दोनच पेपर असतात, दीड-दीड तासाचे, प्रत्येकी 75 प्रश्न आणि गोल काळे करायचे. त्याची आई जिन्यात भेटली की उत्तरसूचीचंच बोलते. तिला काही सांगावंसं वाटतं, पण मी कोण सांगणार? तुला मात्र सांगू शकते, म्हणून सांगतेय. तिला 97 मिळाले तर 97 म्हणू दे. तेवढंच.

रविवारी फोन करा. मी तिला परीक्षेचं काही विचारणार नाही. कैरीचं लोणचं घातलंय, शिरीष मेच्या पहिल्या आठवड्यात तिकडे येतोय त्याच्याबरोबर पाठवते, बरणी नीट बांधून.

ते पाच पेपर गोदरेजच्या कपाटात वरच्या कप्प्यात आहेत, तुझ्या पत्रिकेखाली. सईला दाखवायचे असतील तर शिरीषबरोबर तेही देते. नको असतील तर तसं सांग, तुला न विचारता मी त्यांना हात लावणार नाही.

गौरीला आशीर्वाद. सईला गोड पापा.

तुझी,
आई