न आलेल्या प्रवाशाचे तिकीट

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीपासून आपल्या अंकात समुद्रपर्यटनाच्या अर्ध्या-अर्ध्या पानाच्या जाहिराती येऊ लागल्या आहेत. सिंगापूरहून चार रात्री, मुंबईहून गोवा, मुंबईहून लक्षद्वीप असे मथळे, पांढरेशुभ्र जहाज आणि खाली ठळक टायपात एक आकडा. त्या आकड्याला एक बारीकशी चांदणी जोडलेली असते आणि तिचा खुलासा पानाच्या तळाशी, चष्मा लावूनही नीट वाचता येणार नाही अशा अक्षरांत असतो : ‘एका केबिनमध्ये दोन प्रवासी असल्यास प्रतिव्यक्ती’. एकट्या माणसाला किती पैसे पडतील, हे मात्र त्या अर्ध्या पानावर कुठेही नसते. हे पत्र त्या न छापलेल्या आकड्याविषयी आहे.

मी ६६ वर्षांची आहे. महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून ३४ वर्षे नोकरी करून निवृत्त झाले. यजमानांना जाऊन सहा वर्षे झाली, मुलगी तिच्या संसारात आणि नोकरीत गुंतलेली आहे आणि दिवसातून तीन-तीन ठिकाणी बसमधून चढ-उतार करायला लावणाऱ्या सहली माझ्या गुडघ्यांना आता झेपत नाहीत. जहाजावर एकदा कपडे कपाटात लावले की पुन्हा बॅग भरावी लागत नाही, जेवण लिफ्टने दोन मजल्यांवर, डॉक्टर जहाजावरच आणि दिवसभर समोर समुद्र. माझ्यासारखीला याहून सोयीचा प्रवास सापडणे कठीण आहे. म्हणून दोन वर्षे पेन्शनमधून बाजूला टाकलेले पैसे हिशेबात धरून मी डोंबिवलीतल्या एका सहल कंपनीच्या कार्यालयात गेले. सिंगापूरच्या त्या चार रात्रींसाठी जाहिरातीतला आकडा होता ४६,००० रुपये.

तिथल्या मुलीने कोटेशन छापून दिले, ते हे पत्र लिहिताना माझ्यासमोर आहे. जहाजाचे भाडे ९२,००० रुपये. बंदर शुल्क व कर ११,२०० रुपये. जहाजावरील कर्मचाऱ्यांसाठी चार रात्रींची सक्तीची टिप ५,८०० रुपये. या सगळ्यावर पाच टक्के जीएसटी ५,४५० रुपये. एकूण १,१४,४५० रुपये. विमानाचे तिकीट, व्हिसा, विमा आणि टीसीएस (सहल कंपनीने आगाऊ गोळा करायचा आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र भरल्यावर वळता होणारा कर) हे त्याखेरीज. भाडे ९२,००० कसे, असे विचारल्यावर ती म्हणाली, “काकू, केबिन दोघांची असते ना, मग सिंगलला दोघांचे लागतात.” मग माझ्या विनंतीवरून तिने त्याच कागदाच्या मागे दोघांचा हिशेब पेनाने मांडून दिला. तो झाला १,३२,३०० रुपये. म्हणजे मी एखाद्या मैत्रिणीला बरोबर नेले, तर तिचे चार दिवसांचे राहणे, सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत सगळे खाणे आणि संध्याकाळचे कार्यक्रम हे सारे धरून एकूण खर्च अवघा १७,८५० रुपयांनी वाढतो आणि ती वाढही बंदर शुल्क, टिप आणि त्यांवरचा जीएसटी एवढीच आहे. तिचे भाडे मी आधीच भरलेले असते. बंदर शुल्क मोजताना मी एक आणि भाडे मोजताना दोन, असा हा हिशेब आहे. आणि रिकाम्या पलंगाच्या ४६,००० रुपयांवरचा २,३०० रुपये जीएसटीदेखील माझ्याच नावावर आहे.

संगणकावरच्या अर्जात ‘दुसरा प्रवासी’ असा एक रकाना होता. तो मोकळा ठेवला की पुढचे पान उघडत नव्हते. त्या मुलीने दोनदा प्रयत्न केला, कुणाला तरी फोन करून विचारले आणि शेवटी त्या रकान्यात माझेच आडनाव पुन्हा टाकले. तिचा यात काही दोष नाही, ती फार मायेने वागली. पण तिथे आपलेच आडनाव दुसऱ्यांदा उमटलेले पाहून मला काय वाटले, हे ज्यांचा जोडीदार गेला आहे त्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

कंपन्यांची बाजू मी समजून घेतली आहे. जहाजावर केबिन किती आणि केवढ्या, हे जहाज बांधतानाच ठरते आणि बहुतेक केबिन दोघांच्या हिशेबाने बांधल्या जातात. जहाज किती भरले हे मोजण्याची या धंद्यातली रीतही त्याच हिशेबावर उभी आहे : प्रत्येक केबिनमागे दोन प्रवासी म्हणजे शंभर टक्के. आईवडिलांच्या केबिनमध्ये मुलांसाठी वरचे पलंग उघडले की आकडा शंभराच्या वर जातो आणि मोठ्या कंपन्यांच्या अहवालांत तो तसा छापलेलाही असतो. या मोजणीत माझी केबिन कायम अर्धी रिकामी. शिवाय कंपनीची कमाई तिकिटावर थांबत नाही. मद्य, कॅसिनो, इंटरनेट, दुकाने, बंदरावर उतरल्यानंतरच्या सहली यांतून तिला मोठे उत्पन्न मिळते आणि दोन माणसे एकापेक्षा जास्त खर्च करतात हे उघड आहे. त्यामुळे एकटीकडून दुप्पट भाडे घेऊनही कंपनीला माझी केबिन कमी फायद्याची वाटत असेल, तर तिचा तर्क मला कळतो.

खोलीचे भाडे खोलीप्रमाणे घ्यावे, हेही मला मान्य आहे. हॉटेलात एकटा उतरला म्हणून खोली अर्ध्या किमतीत मागणारा माणूस शहाणा म्हणता येणार नाही. परंतु जहाजाचे भाडे हे केवळ खोलीचे भाडे नव्हे; त्यात चार दिवसांचे अन्न आणि करमणूक आहे, टॉवेल-चादरींची धुलाई आहे, माणशी लागणारे पाणी आहे. हे सारे माणसामागे वाढते आणि माणसामागे कमी होते. खानावळीत चौघांच्या टेबलावर मी एकटी बसले म्हणून मालक माझ्याकडून चार ताटांचे पैसे घेत नाही. जी व्यक्ती जहाजावर चढलीच नाही, तिच्या चार दिवसांच्या जेवणाचे पैसे कोणत्या न्यायाने घेतले जातात, याचे उत्तर मला त्या कोटेशनमध्ये सापडत नाही. खोलीचा पूर्ण आणि अन्नसेवेचा एकाचा, असा हिशेब करून दीडपट भाडे सांगितले असते, तर मी कुरकुर न करता भरले असते. काही कंपन्या काही केबिनसाठी तेवढेच किंवा त्याहून कमी घेतात, म्हणजे ते अशक्य नाही.

समुद्रावरचे भाडे माणशी घेण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. आमचे गाव राजापूर तालुक्यात. लहानपणी मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून आम्ही कोकणच्या बोटीत बसायचो. डेकवर वळकटी पसरली की तेवढी जागा आपली, तिकीट माणशी एक, आणि ज्यांना बोट लागायची त्यांच्यासाठी आई लिंबे कापून तयार ठेवायची. जैतापूरला पडावातून उतरावे लागे. माझी विधवा आत्या दरवर्षी एकटीच त्या बोटीने जात असे आणि तिच्याकडे कुणी दुसऱ्या तिकिटाचे पैसे मागितले नाहीत. ते दिवस सुखाचे होते असे मी म्हणणार नाही. डेकवरचे हाल आणि त्या बोटींवरची गर्दी मी पाहिली आहे. पण माणशी भाड्याची सोय आजच्या जहाजांवरही होऊ शकते. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर सुरू झालेल्या ‘आंग्रिया’ जहाजावर खोल्यांबरोबरच एकेकट्याने घ्यायच्या बंकची सोय होती. कोचीहून लक्षद्वीपला आणि चेन्नई-कोलकात्याहून अंदमानला जाणाऱ्या सरकारी जहाजांवर बंकचे तिकीट माणशीच मिळते. रेल्वेत पहिल्या वर्गाच्या दोन बर्थच्या कूपेतही मी एकाच बर्थचे पैसे भरते. २०२३ पासून आम्ही बायका एसटीत अर्ध्या तिकिटावर फिरतो. तशी सवलत मी जहाजावर मागत नाही.

सहल कंपनीने सुचवलेला दुसरा मार्ग म्हणजे अनोळखी बाईबरोबर केबिन वाटून घेणे. महिलांच्या सहलींत मी असे केले आहे आणि त्यातून दोन चांगल्या मैत्रिणीही मिळाल्या. मात्र जमिनीवरच्या सहलीत नाही जमले तर पुढच्या मुक्कामी जोडी बदलता येते. जहाजावर साधारण दीडशे चौरस फुटांची बिनखिडकीची केबिन आणि पूर्ण भरलेले जहाज असेल तर बदलायला जागाच नसते. मला रात्री झोपताना नाकाला यंत्र लावावे लागते. त्याचा आवाज बरोबरच्या बाईने चार रात्री का सोसावा? साठीनंतरच्या प्रवाशांपैकी अनेकांची अशी काही ना काही अडचण असते, आणि ती अनोळखी माणसाला आधी सांगून, त्याची परवानगी घेऊन मग फिरायला निघावे, ही अपेक्षा मला योग्य वाटत नाही.

परदेशात काही कंपन्यांनी यावर उपाय शोधले आहेत. ‘नॉर्वेजियन एपिक’ हे जहाज २०१० मध्ये आले, तेव्हा त्यावर सुमारे शंभर चौरस फुटांच्या, एका माणसासाठीच बांधलेल्या १२८ केबिन होत्या आणि एकट्या प्रवाशांना एकत्र बसायला वेगळा दिवाणखाना होता. ‘क्वीन मेरी २’ या प्रख्यात जहाजाची २०१६ मध्ये डागडुजी झाली, त्या वेळी त्यावर एकट्यांसाठी १५ केबिन मुद्दाम घालण्यात आल्या. ब्रिटनमध्ये पन्नाशीपुढच्या प्रवाशांसाठी २०१९ मध्ये बांधलेल्या ‘स्पिरिट ऑफ डिस्कव्हरी’वर तर जवळपास पाचवा हिस्सा केबिन एकट्यांच्या आहेत, आणि त्यांनाही बाल्कनी आहे. तरीही या केबिन थोड्या असतात, आधी संपतात आणि त्यांचे माणशी भाडे दोघांच्या केबिनमधल्या एकाच्या भाड्यापेक्षा बरेचदा जास्त असते. दोन्ही आकडे शेजारी ठेवल्याशिवाय कुणी घाईने पैसे भरू नयेत, एवढे इथे वाचकांना सुचवते.

कुणी म्हणेल की जहाजाची सहल ही चैन आहे, तिच्यासाठी वर्तमानपत्राची जागा कशाला अडवायची. या चैनीसाठी सार्वजनिक पैसा आणि सार्वजनिक धक्के वापरले जात आहेत, म्हणून. ३० सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मुंबईतूनच ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर केले आणि २०२९ पर्यंत समुद्रमार्गे येणाऱ्या-जाणाऱ्या क्रूझ प्रवाशांची संख्या दहा लाखांवर नेण्याचे लक्ष्य ठेवले. बॅलार्ड पिअरला नवे आंतरराष्ट्रीय टर्मिनल उभे राहिले आहे. बंदर शुल्कात सवलती दिल्या जातात. ज्या जहाजांना या सवलती मिळतात, त्यांनी आपल्या काही केबिन एकट्या प्रवाशांना रास्त जादा दराने द्याव्यात, अशी अट बंदर खात्याने घालणे अवाजवी ठरणार नाही.

ती अट येईल तेव्हा येईल, पण जाहिरातीतल्या आकड्यासाठी नव्या कायद्याची गरजही नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या छुप्या रीतींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत सुरुवातीला कमी किंमत दाखवून व्यवहार पुढे गेल्यावर खरी किंमत उघड करणे, ही एक रीत स्पष्टपणे नमूद केलेली आहे. ४६,००० वाचून कार्यालयात जायचे आणि १,१४,४५० ऐकून परतायचे, हे त्याहून फारसे वेगळे नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने छापील किंमत कंपनीच्या सर्व सक्तीच्या शुल्कांसह असावी असा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू केला, तेव्हा मोठ्या क्रूझ कंपन्यांनी देशभरच्या जाहिरातींतले आपले आकडे बदलले. तेव्हा प्रतिव्यक्ती आकड्याशेजारी, तेवढ्याच टायपात, ‘एकट्या प्रवाशास एकूण’ हा दुसरा आकडा छापणे त्यांना जड जाऊ नये. प्राधिकरणाने त्याची सक्ती करावी, अशी तक्रार मी करत आहेच.

संपादक महोदय, एक विनंती आपल्यालाही आहे. या जाहिराती आपल्या पानांवर येतात आणि आपले अनेक जुने वाचक माझ्या वयाचे, माझ्यासारखेच एकटे आहेत. प्राधिकरणाची वाट न पाहता आपल्या जाहिरात विभागाने हा दुसरा आकडा मागितला, तर तो मिळेल असे मला वाटते.

माझे कोटेशन महिनाअखेरपर्यंत वैध आहे. जहाजाच्या ९२,००० रुपयांपैकी खोलीचे किती आणि न आलेल्या प्रवाशाच्या जेवणाचे व सेवेचे किती, असे मी सहल कंपनीमार्फत लेखी विचारले आहे. दोनदा आठवण करूनही अद्याप उत्तर आलेले नाही. आले, तर ते जसेच्या तसे आपल्याकडे पाठवीन.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
डोंबिवली (पूर्व)