‘९९.९ टक्के जंतुमुक्त’ टूथब्रश बॉक्सच्या तळाशी साचणाऱ्या पाण्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: भिंतीवर लावायचा ‘यूव्ही’ टूथब्रश बॉक्स (चार ब्रशांचा). सदोष रचना, दिशाभूल करणारा दावा आणि पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

तुमच्या ग्राहक सेवेशी माझं फोनवर दोनदा आणि चॅटवर तीनदा बोलणं झालं आहे. पाचही वेळा माझी तक्रार ‘निकाली’ म्हणून बंद झाली आणि पाठोपाठ ‘आमच्या सेवेला किती स्टार द्याल?’ असा मेसेज आला. म्हणून आता सविस्तर लिहिते आहे. पत्र लांबलं आहे खरं, पण डबा तुमचा आहे, तेव्हा वाचायला हरकत नसावी.

तीन महिन्यांपूर्वी हा बॉक्स घेतला तो हौस म्हणून नाही. सासऱ्यांची केमोथेरपी सुरू झाली होती आणि संसर्गाला जपा असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तोवर आमच्या चौघांचे ब्रश एकाच पेल्यात, एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून उभे असायचे. इतकी वर्षं त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. आता ते बघवेना. त्यात तुमची जाहिरात दिसली. घट्ट झाकण, आत जांभळा उजेड, ‘फक्त तीन मिनिटांत ९९.९ टक्के जंतुमुक्त’. लगेच मागवला आणि त्याच दिवशी बेसिनशेजारी लावला.

पहिले दोन महिने मी समाधानात होते. मागच्या महिन्यात सहा वर्षांच्या लेकीनं हाक मारली, “आई, माझा ब्रश पोहतोय.”

तुमच्या बॉक्समध्ये ब्रश खाचेत अडकतो आणि त्याचं डोकं खाचेवर टेकून राहतं. लहान मुलांच्या ब्रशचं डोकंच मुळात छोटं, ते खाचेतून सटकतं आणि ब्रश तळाला जाऊन आडवा पडतो. हे आधीही झालं होतं, पण आम्ही वरून चिमटीत धरून ब्रश काढायचो आणि विषय संपायचा. त्या दिवशी पहिल्यांदा मोबाइलची बॅटरी लावून आत पाहिलं. तळाशी करंगळीच्या नखाइतकं पाणी साचलेलं. रंग करडा, वर पेस्टचा पांढुरका तवंग, आणि कोपऱ्या-कोपऱ्यांत गुलाबीसर बुळबुळीत कड धरलेली. काडीला कापूस गुंडाळून फिरवला तर तो तारेसारखा लांबट, चिकट ओघळ घेऊन वर आला. वास फुलदाणीतल्या शिळ्या पाण्याचा. या पाण्यात माझ्या मुलीचा ब्रश किती वेळा भिजून तिच्या तोंडात गेला असेल ते मला मोजायचं नाही.

हे पाणी कुठून आलं, याचं उत्तर तुमच्या डिझायनरला शाळकरी मूलही देईल. ब्रश ओला असतो. ओल्या ब्रशवरचं पाणी खाली निथळतं. खाली गेलेल्या पाण्याला वाट लागते. तुमच्या तळाला एकही भोक नाही, तळ वेगळा निघत नाही, आणि झाकणाला रबराची पट्टी लावून तुम्ही वाऱ्याचीही वाट बुजवली आहे. ‘बाहेरचे जंतू आत जाणार नाहीत’ असं त्या पट्टीबद्दल बॉक्सवर छापलं आहे. आतली ओल बाहेर कशी जाणार, याबद्दल काही छापलेलं नाही.

फोनवर तुमच्या प्रतिनिधीनं सांगितलं, “मॅडम, ब्रश ठेवण्याआधी नीट पुसून कोरडा करायचा असतो.” कशानं पुसायचा, असं विचारल्यावर “कुठल्याही स्वच्छ टॉवेलनं.” म्हणजे सगळ्या घरानं तोंड पुसलेल्या टॉवेलवर ब्रश घासायचा, आणि मग तो जंतुमुक्त करायला तुमच्या डब्यात ठेवायचा. त्या मुलावर माझा राग नाही. समोरच्या कागदावर लिहिलेलं तो वाचत असणार. तो कागद ज्यानं लिहिला त्याच्यापर्यंत हे पत्र पोचावं.

मग मी एक साधा प्रयोग केला. एकसारखे दोन नवे ब्रश घेतले. रात्री दहा वाजता दोन्ही नळाखाली धरले, तीन-तीनदा झटकले. एक तुमच्या बॉक्समध्ये ठेवून दिवा लावला, दुसरा रिकाम्या काचेच्या पेल्यात खिडकीशी उभा केला. सकाळी सातला दोन्ही ब्रश टिश्यू पेपरवर दाबले. पेल्यातल्या ब्रशचा कागदावर डागही उठला नाही. बॉक्समधल्या ब्रशनं रुपयाएवढं ओलं वर्तुळ उमटवलं. तीन रात्री हेच केलं, तीनही वेळा हेच झालं. तिन्ही कागदांचे फोटो सोबत जोडले आहेत.

ओलीचा एवढा बाऊ का, असं तुम्ही म्हणाल. कारण ब्रशच्या स्वच्छतेचा सगळा खेळच ओलीचा आहे. आपल्या तोंडात जिवाणूंच्या शेकडो जाती राहतात. घासल्यावर त्यातले काही ब्रशवर येणारच. ब्रश वाळला की त्यातले बरेचसे मरतात, ओला राहिला की त्यांना आयतं घर मिळतं. १९३८ मध्ये नायलॉनच्या केसांचे ब्रश बाजारात आले. त्याआधी ब्रशला डुकराचे राठ केस असत, आणि ते पाणी धरून ठेवत, लवकर वाळत नसत. नायलॉननं ही अडचण दूर केली. तुम्ही नायलॉनचा ब्रश हवाबंद डब्यात कोंडून त्याला पुन्हा डुकराच्या केसांच्या काळात नेऊन ठेवलंत.

हे माझ्या मनाचं नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनचा सल्ला अगदी साधा आहे: ब्रश वापरून झाल्यावर नळाखाली खळखळून धुवा, उभा ठेवा, हवेवर वाळू द्या, एकाचा ब्रश दुसऱ्याला चिकटू देऊ नका, आणि रोजच्या रोज झाकून किंवा बंद डब्यात ठेवू नका. तीन-चार महिन्यांनी, किंवा केस विस्कटले तर त्याआधीच, ब्रश बदला. तुमचं उत्पादन यातली नेमकी तीच गोष्ट विकतं जी करू नका म्हणून सांगितलं आहे.

आता तुमच्या दिव्याकडे येते. माझी खरी तक्रार इथे आहे.

जंतू मारायला जो अतिनील प्रकाश वापरतात तो यूव्ही-सी, म्हणजे २०० ते २८० नॅनोमीटर तरंगलांबीचा. पाऱ्याच्या वाफेचे जंतुनाशक दिवे साधारण २५४ नॅनोमीटरला काम करतात. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्यांवर पडला तर काही तासांनी वाळू गेल्यासारखी चुरचुर सुरू होते, आणि कातडीही भाजते. त्यामुळे अशा उपकरणाचं झाकण उघडताक्षणी दिवा बंद व्हायला हवा. तुमचा दिवा झाकण उघडं असतानाही तीन मिनिटं तसाच जळत राहतो. माझी लेक रोज रात्री त्यात डोकावून “जांभळी खोली” बघायची.

म्हणजे दोनच शक्यता उरतात. दिवा खरोखर जंतू मारणारा असेल, तर तुम्ही सहा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांशी खेळ केला आहे. आणि तसा नसेल, तर बॉक्सवर छापलेलं खोटं आहे. मी हे चॅटवर विचारलं तेव्हा “आपल्या भावना आम्ही समजू शकतो” असं उत्तर आलं. मी भावना विचारल्या नव्हत्या, नॅनोमीटर विचारले होते.

उत्तर शेवटी तुमच्याच बॉक्सच्या पाठीवर सापडलं. भिंतीकडच्या बाजूला, भिंग लावून वाचावं लागेल अशा अक्षरांत: ‘एलईडी ३९५–४०५ एनएम’ (एनएम म्हणजे नॅनोमीटर). म्हणजे दृश्य जांभळ्या उजेडाच्या उंबरठ्यावरचा प्रकाश. ४०० पर्यंतच्या प्रकाशाला यूव्ही-ए म्हणतात, त्यामुळे ‘यूव्ही’ ही अक्षरं छापायला तुम्हाला पळवाट आहे, हे मला कळतं. या प्रकाशानं जंतूंवर काहीच परिणाम होत नाही असंही मी म्हणणार नाही. होतो, पण त्याला यूव्ही-सीपेक्षा कितीतरी जास्त मात्रा लागते. दोन इवलेसे एलईडी तीन मिनिटांत ते काम कसं करतात, हे मला तुमच्याकडून लेखी हवं आहे. एक शक्यता टळली याचं, म्हणजे मुलीचे डोळे वाचले याचं, मला बरंच वाटलं. दुसरी शक्यता मात्र तुमच्या गळ्यात आहे.

शिवाय प्रकाश कुठलाही असला तरी तो वळसा घालून जात नाही. तुमचा दिवा मागच्या भिंतीवर, आणि माहितीपत्रकातल्या चित्रानुसार ब्रशचे केस झाकणाकडे तोंड करून. उजेड पडतो ब्रशच्या गुळगुळीत पाठीवर. पेस्ट, अन्नाचे कण आणि जंतू जिथे अडकतात ती केसांची मुळं सावलीत. हे चित्र काढताना, तपासताना, छापताना कुणाच्याच लक्षात आलं नाही?

‘९९.९ टक्के’ या आकड्याबद्दलही बोलायला हवं. क्षणभर तो खरा धरू. ब्रशवर दहा लाख जिवाणू असतील तर ९९.९ टक्के मेल्यावर एक हजार उरतात. ई. कोलायसारखा जिवाणू सगळं मनासारखं मिळालं तर वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. हजाराचे पुन्हा दहा लाख व्हायला दहा वेळा दुप्पट व्हावं लागतं, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. ब्रशवर त्यांची एवढी बडदास्त नसते हे मान्य, पण तळाशी पाणी आणि वर घट्ट झाकण असं तुमच्याइतकं आदरातिथ्य दुसरं कोण करणार? आणि तरीही बॉक्सवर एके ठिकाणी तुम्ही ‘स्टरलाइज्ड’ असा शब्द वापरला आहे. निर्जंतुक म्हणजे एकही जिवंत जंतू न उरणं. ती शस्त्रक्रियेच्या हत्यारांची भाषा आहे, बाथरूममधल्या डब्याची नाही.

तुमच्या जाहिरातीतलं ते कमोडमधून उडणाऱ्या तुषारांचं चित्र मात्र सगळंच खोटं म्हणता येणार नाही. फ्लश केल्यावर सूक्ष्म थेंब हवेत उडतात आणि जंतू आसपासच्या पृष्ठभागांवर बसतात, हे चार्ल्स गर्बा या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्येच दाखवलं होतं. पण त्यावर उपाय म्हणजे कमोडचं झाकण लावून फ्लश करणं आणि ब्रश तिथून लांब ठेवणं. त्याला चार्जिंग लागत नाही. तुम्ही भीती खरी दाखवलीत आणि औषध भलतंच दिलंत.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवते. सासऱ्यांच्या तोंडात मध्यंतरी फोड आले होते. ते तुमच्या बॉक्समुळे आले असा माझा दावा नाही. केमोमध्ये तसं होतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. निरोगी माणूस स्वतःच्याच ब्रशवरच्या जंतूंनी आजारी पडतो असा ठोस पुरावा नाही, हेही आमच्या दंतवैद्यांनी समजावलं. सासऱ्यांसाठी त्यांनी मऊ ब्रश, तो नेहमीपेक्षा लवकर बदलणं, आणि स्वतंत्र पेला एवढंच सांगितलं. बॉक्सचा फोटो दाखवल्यावर ते म्हणाले, “याचं झाकण काढून टाका.” झाकण निघत नाही, असं मी म्हटल्यावर ते हसले. मला हसू आलं नाही. ज्या माणसाला जपायचं म्हणून मी ही वस्तू आणली, त्याचा ब्रश दोन महिने त्याच कोंदट हवेत उभा होता, आणि तो तिथे मी रोज स्वतःच्या हातानं ठेवत होते.

आता मला काय हवं ते. बॉक्सची पूर्ण रक्कम परत हवी. बदली बॉक्स नको, कारण दुसराही असाच असणार. ९९.९ टक्क्यांची चाचणी कोणत्या जंतूवर, ओल्या ब्रशवर की सपाट काचेवर, किती अंतरावरून आणि किती वेळ केली, तो अहवाल हवा. चाचणी झालीच नसेल तर तसं एका ओळीत कळवलं तरी चालेल. जाहिरातीतून आणि बॉक्सवरून ‘स्टरलाइज्ड’ हा शब्द काढा. आणि हा बॉक्स पुढेही विकणारच असाल, तर निदान तळाला भोकं पाडा, तळ धुण्यासाठी निघेल असा करा, झाकणाला वाऱ्याच्या फटी ठेवा, लहान ब्रशसाठी अरुंद खाच द्या. हे झालं की तो दिव्याविनाही बरा ब्रशस्टँड होईल. आधी ज्यांनी घेतला आहे त्यांनाही तळ तपासायला सांगणारा एक मेसेज पाठवा. स्टार मागायला नंबर तुमच्याकडे आहेतच.

रचनेतली एक गोष्ट उत्तम आहे, तेवढी सांगते: भिंतीला चिकटवायची पट्टी. बॉक्स काढताना तळहाताएवढा रंगाचा पोपडा सोबत आला.

सध्या आमचे चार ब्रश खिडकीशी चार वेगळ्या पेल्यांत आहेत. तुमचा बॉक्स बाल्कनीत वर्तमानपत्रावर उघडा ठेवला आहे. आज पाचवा दिवस, कोपऱ्यातली गुलाबी कड अजून ओलसर आहे. तो परत पाठवताना धुऊन पाठवू की तुमच्या तपासणीसाठी आहे तसाच पाठवू, तेवढं पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवावं.

आपली,
एक ग्राहक

सोबत: खरेदीच्या पावतीची प्रत, बॉक्सच्या तळाचे आणि पाठीवरच्या स्टिकरचे फोटो, टिश्यू पेपरचे तीन फोटो, चॅटच्या नोंदी.