धुळीची वाट आधी, टेबल नंतर

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती लाकूडकामासाठी यंत्रांचे टेबल कसे बांधावे, यावरचा सचित्र लेख अलीकडेच वाचला. गोल करवत आणि राउटर (लाकडात खाचा व कडा कोरणारे यंत्र) एकाच टेबलात बसवून १० बाय १२ फुटांच्या खोलीतही नेटके काम करता येते, हे लेखकाने चांगले समजावून सांगितले आहे आणि मापेही काळजीपूर्वक दिली आहेत. मात्र भुशाच्या आणि धुळीच्या बंदोबस्ताला त्या लेखात एकच वाक्य मिळाले आहे, ते असे की टेबल तयार झाल्यावर त्याला व्हॅक्यूम क्लीनर केव्हाही जोडता येतो. माझा आक्षेप या एका वाक्यापुरताच आहे. पण त्या वाक्यावर विसंबून कोणी टेबल बांधले तर ते पुढे मोडावे लागते, आणि मी स्वतः एक टेबल मोडून बसलो असल्यामुळे थोडे सविस्तर लिहीत आहे.

मी ३० वर्षांहून अधिक काळ कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकामासाठी लागणारे लाकडी पॅटर्न, म्हणजे वाळूत दाबून साचा घेण्याचे नमुने, केले. बिडाचे ओतीव थंड होताना फुटाला साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवावा लागतो. वाळूच्या साच्यातून तो कडा न मोडता निघावा म्हणून त्याला उतार द्यावा लागतो. आणि ओतिवात जिथे पोकळी हवी असेल तिथल्या कोअरचा, म्हणजे ती पोकळी राखणाऱ्या वाळूच्या गाभ्याचा, विचार लाकडाला करवत लावण्याआधीच करावा लागतो. आधी पोकळी पाहायची आणि मग भरीव भाग, ही सवय या धंद्यात अंगवळणी पडते. असे असूनही निवृत्तीनंतर घरामागच्या पडवीत स्वतःसाठी पहिले टेबल बांधताना मी नेमकी तीच सवय विसरलो.

ते टेबल भक्कम होते. ४० मिलिमीटर चौकोनी लोखंडी पाइपाची चौकट, त्यावर १८ मिलिमीटर प्लायचे दोन थर, वर सनमायका, आणि मधोमध १० इंची पात्याची गोल करवत अशी उतरवलेली की तिचा पत्रा आणि टेबलाचा पृष्ठभाग एका सपाटीत यावा. चौकट डुलू नये म्हणून मी करवतीच्या बरोबर खाली दोन तिरक्या पट्ट्या वेल्डिंग करून घेतल्या आणि त्यांचे मला कौतुकही वाटले. महिन्याभराने धुळीचा पाइप लावायला गेलो, तेव्हा तो जिथून यायला हवा होता ती सगळी जागा त्या दोन पट्ट्यांनी अडवलेली होती. मग पाइप करवतीच्या मागच्या बाजूला कसाबसा बांधला. परिणाम असा झाला की भुसा खाली फरशीवर साचत राहिला आणि बारीक धूळ खिडकीतून शेजारच्या गच्चीवर जात राहिली. उन्हाळ्याचे दिवस होते. शेजारच्या वहिनींनी एके दुपारी कुरडयांचे ताट आणून माझ्यासमोर ठेवले. त्या एक शब्दही बोलल्या नाहीत आणि बोलण्याची गरजही नव्हती, कारण पांढऱ्या कुरडयांवर सागवानाची पिवळसर भुकटी स्वच्छ दिसत होती.

नंतर जोडलेला व्हॅक्यूम का चालत नाही, हे थोड्या हिशेबाने कळते. १० इंची पाते मिनिटाला ४००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्याच्या दाताचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास जातो, आणि लाकडाचा कण जवळजवळ त्याच वेगाने सुटतो. भुसा पाइपात न साचता वाहून न्यायचा असेल तर त्यातील हवेला मिनिटाला सुमारे ४००० फूट, म्हणजे ताशी ७० किलोमीटरहून थोडा अधिक वेग लागतो. म्हणजे पाइपाच्या आतसुद्धा हवा कणापेक्षा पुष्कळ सावकाश चाललेली असते, आणि पाइपाच्या तोंडापासून दूर गेल्यावर तर ओढ झपाट्याने संपते: ४ इंची पाइपाच्या तोंडापासून ४ इंचांवर हवेचा वेग तोंडाजवळच्या वेगाच्या साधारण दहाव्या हिश्श्यावर येतो. सुटलेल्या कणाचा पाठलाग करून त्याला पकडणे कोणत्याही यंत्राला जमत नाही. कण ज्या दिशेने जाणार त्या दिशेला आधीच पेटी उभी करावी लागते, त्याने त्या पेटीत आपटून वेग गमवावा लागतो, आणि मगच हवा त्याला घेऊन जाऊ शकते. ही पेटी म्हणजे टेबलाची पोकळी आहे. ती चौकटीच्या आराखड्यात नसेल, तर नंतर तिला जागा मिळत नाही.

एवढा खटाटोप शेजारच्या वाळवणासाठीच करायचा, असे कोणी समजू नये. लाकडाच्या धुळीमुळे माणसाला कर्करोग होऊ शकतो, असे वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच केले असून, त्यात नाकाच्या पोकळीचा आणि तिच्या लगतच्या सायनसचा कर्करोग प्रामुख्याने येतो. हा निष्कर्ष मुख्यतः वर्षानुवर्षे धुळीत काम करणाऱ्या कामगारांवरून काढलेला आहे, त्यामुळे आठवड्यातून एक दिवस स्टूल बनवणाऱ्याने घाबरून जावे असे मी म्हणणार नाही. पण कारखान्यातला कामगार संध्याकाळी त्या हवेतून बाहेर पडतो. घरच्या कार्यशाळेची हवा मात्र घरातच राहते आणि शेजारच्या खोलीत नातवंडे झोपलेली असतात. डोळ्याला दिसतो तो भुसा झाडूने गोळा होतो. जी धूळ १० मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक असते ती दिसत नाही, तासन्‌तास हवेत तरंगते आणि श्वासाबरोबर खोल जाते, आणि झाडूने ती पुन्हा वर उडते. सागवान आणि शिसव यांच्या धुळीने काहींच्या कातडीला खाज व पुरळ येते, हे सुतारांना नव्याने सांगायला नको; एमडीएफच्या (लाकडाचे तंतू डिंकात दाबून केलेल्या फळीच्या) धुळीत तर लाकडाबरोबर फॉर्माल्डिहाइडयुक्त डिंकही असतो. नाकाला बांधलेला रुमाल यापैकी काहीच अडवत नाही. मास्क घालायचाच तर तो आयएस ९४७३ या मानकाचा, एफएफपी २ दर्जाचा असावा, आणि पेटी व पाइप यांचे काम करून उरलेल्या धुळीसाठी तो असावा.

दुसरे टेबल मी कागदावर धुळीच्या बाजूने काढायला सुरुवात केली. करवतीखाली १२ मिलिमीटर प्लायची पेटी आली, तिचा तळ चारही बाजूंनी ४५ अंशांहून अधिक उताराचा केला, आणि सगळ्यात खालच्या टोकाला ४ इंची पाइपाचे तोंड ठेवले. चौकटीचे पाय आणि आडव्या पट्ट्या या पेटीला वळसा घालून गेल्या. इथे एक चूक हमखास होते आणि ती माझ्याकडूनही झाली: पेटी अगदी हवाबंद केली. जितकी हवा बाहेर जायची तितकी आत यायला वाट नसेल, तर वाहणे थांबते आणि यंत्र नुसते घोंघावत राहते. पाते तिरके करण्याच्या दांड्याची खाच मी बुजवली होती, ती पुन्हा उघडी केल्यावर पेटी रिकामी राहू लागली. राउटर उलटा टांगतो तिथे तर अशी वाट ठेवणे अधिकच महत्त्वाचे आहे, कारण बंद पेटीत त्याची मोटर तापते. म्हणून त्याच्या पेटीच्या दाराला खालच्या बाजूने भोके ठेवली आणि धूळ ओढणारे दुसरे, अडीच इंची तोंड वरच्या कुंपणपट्टीच्या, म्हणजे लाकूड टेकवून सरकवायच्या पट्टीच्या, मागे दिले. करवतीच्या दातांच्या खोबणीत अडकून राहिलेला भुसा पात्याबरोबर फिरून वर येतो आणि थेट काम करणाऱ्याच्या छातीवर उडतो, त्यामुळे पात्यावरच्या संरक्षक झाकणालाही एक बारीक पाइप लागतो. हे झाकण गैरसोयीचे म्हणून काढून ठेवणारे पुष्कळ आहेत. ते बोटांसाठी आहे तितकेच फुप्फुसांसाठीही आहे, हे त्यांनी लक्षात घ्यावे.

धूळ ओढण्यासाठी व्हॅक्यूम क्लीनर घ्यावा की ब्लोअर, याबद्दलही त्याच वाक्यात घोटाळा आहे. व्हॅक्यूमची ओढ जोरदार असते, पण तो हवा थोडी नेतो. ब्लोअरची ओढ सौम्य असते, पण तो हवा भरपूर नेतो. वर सांगितलेल्या वेगाने ४ इंची पाइपातून मिनिटाला सुमारे ३५० घनफूट हवा जाते, तर अडीच इंची पाइपातून १४० घनफूटही जात नाही. म्हणून पॉलिशपेपरचे यंत्र किंवा राउटर यांना व्हॅक्यूम पुरतो आणि करवतीच्या पेटीला ब्लोअर लागतो. करवत आणि ब्लोअर एकाच वायरीवर चालवू नयेत. माझ्याकडे करवत सुरू होताना दर वेळी एमसीबी (जादा भार आल्यावर वीज तोडणारा खटका) पडत असे, शेवटी १६ अँपिअरच्या दोन स्वतंत्र लाइनी ओढून घेतल्या. वळ्यांचा लवचिक पाइप हवेला फार अडवतो, तो शेवटच्या हातभरच वापरावा आणि बाकी सरळ पीव्हीसी पाइप घालावा.

ब्लोअरच्या आधी मी जस्ताच्या पत्र्याचा शंकू, म्हणजे सायक्लोन बसवला आहे. त्यात हवा गरगर फिरते, जड कण कडेला फेकले जाऊन खालच्या ड्रममध्ये पडतात आणि ब्लोअरपर्यंत फक्त बारीक धूळ पोहोचते. पहिला ड्रम प्लॅस्टिकचा आणि पातळ होता. पाइप तुंबला त्या दिवशी तो आतल्या ओढीने असा चेपला की दुरून कोणी पायाने तुडवल्यासारखा दिसत होता. आता लोखंडी आहे. सायक्लोनमधून सुटलेली बारीक धूळ साध्या कापडी पिशवीत सोडणे मात्र काहीच न करण्यापेक्षा वाईट, कारण जाडा भुसा पिशवीत राहतो आणि जो अंश खरा घातक तो कापडातून निसटून पुन्हा खोलीभर पसरतो. थंड देशांत खोलीची ऊब वाया जाईल म्हणून हवा आतच गाळून फिरवतात आणि त्यासाठी महागडे फिल्टर घेतात. कोल्हापुरात तशी अडचण नाही. आपण ती हवा सरळ बाहेर सोडू शकतो. फक्त बाहेर म्हणजे शेजाऱ्याची गच्ची नव्हे. माझा पाइप छपराच्या वर नेला आहे, तरी वाळवणाच्या दिवसांत मी जाड एमडीएफ कापायला घेत नाही. पाइपाच्या तोंडावर टोपी असावी, नाहीतर जूनपासून त्यातून पाणी उलटे उतरते आणि ओली भुकटी वळणावर सिमेंटसारखी चिकटते. पावसाळ्यात टेबलाच्या बिडाच्या भागावर रात्रभर राहिलेला भुसा हवेतला ओलावा धरतो आणि सकाळी त्याच्याखाली तांबेरा दिसतो. प्लायला फक्त वरून सनमायका लावली तर तो वाकतो, दोन्ही बाजूंनी लावावी. आणि प्लाय शक्यतो आयएस ७१० मानकाचा, म्हणजे मरीन घ्यावा.

हे सर्व घरच्या हौशी माणसाला परवडेल का, असा प्रश्न येईल. माझ्या दुसऱ्या टेबलाच्या खर्चात धुळीच्या व्यवस्थेचा वाटा साधारण चौथ्या हिश्श्याचा होता, आणि पहिले टेबल मोडण्यात त्याहून जास्त गेले. धूळ जिथे निर्माण होते त्याच्या शक्य तितक्या जवळ ती ओढून घ्यावी, हे तत्त्व १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या १४ व्या कलमातच लिहिलेले होते. घराला तो कायदा लागत नव्हता, पेठांमधल्या दोन-तीन माणसांच्या फर्निचरच्या दुकानालाही बहुधा लागत नव्हता, पण फुप्फुसे सगळ्यांची सारखीच असतात. ओतकामातल्या वाळूच्या धुळीने फुप्फुसांचे काय होते हे या शहराला सांगावे लागत नाही. लाकडाची धूळ मात्र आपण अजून देवघरातल्या उदबत्तीच्या राखेसारखी निरुपद्रवी समजतो. ब्लोअरचे कवच ओतणारे, मोटर बांधणारे आणि पत्रा वळवणारे हात शिरोली, गोकुळ शिरगाव आणि उद्यमनगर या तीनही ठिकाणी आहेत. आयटीआयमध्ये पत्राकाम शिकणाऱ्या मुलांना शंकूचा उलगडा, म्हणजे वळवण्याआधी सपाट पत्र्यावर करायची आखणी, सरावासाठी काढावाच लागतो. तो कागदी सराव सायक्लोनच्या मापाने करून घेतला आणि तयार शंकू शेजारच्या सुतारकाम विभागातल्या करवतीला जोडला, तर दोन्ही विभागांना उपयोग होईल. संबंधित शिक्षकांनी याचा विचार करावा, अशी विनंती आहे.

माझ्या टेबलाच्या उभ्या छेदाचे रेखाचित्र सोबत पाठवीत आहे. त्यात पेटीचा उतार, हवा आत येण्याच्या खाचा आणि पायांच्या जागा मापांसह दाखवल्या आहेत. पुरवणीत जागा असल्यास ते छापावे. राउटरच्या पेटीचे माप मात्र माझ्या यंत्रापुरते आहे. ते प्रत्येकाने आपला राउटर पूर्ण खाली उतरवून, मोजून मगच ठरवावे.

आपला,
एक निवृत्त पॅटर्न मेकर
कोल्हापूर